आमच्या खळ्यातली मिडीची पेटी

ऑर्केस्ट्रावाले ज्या घरी चहा पितात तिथे दोन गोष्टी साठतात, उष्टे कप आणि गजाली, म्हणजे गप्पा-किस्से. कप मी विसळून पालथे घालते. गजालींचं काय करू? ऑर्केस्ट्रा पार्टीची प्रॅक्टिस आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या सारवलेल्या अंगणातच चालते, त्यामुळे मला सगळ्या पाठ! आणि त्यातल्या निम्म्या एकट्या मिडीच्या पेटीच्या!

आमचे हे पार्टीत इलेक्ट्रिक गिटार वाजवतात. गोव्याच्या कुणा वादकाने टाकायला काढलेली पेटी यांनी हौसेने घरी आणली. गिटारीच्या तारांखाली एक पट्टी बसवायची, तिची वायर पेटीत. तार छेडली की सूर कुठला ते पेटी ओळखणार, मिडीच्या वायरीतून सिंथेसायझरला कळवणार, आणि सिंथेसायझर तोच सूर सनईत म्हणा, बासरीत म्हणा, वाजवणार.

हे सगळं यांनी सासूबाईंना समजावलं. "आई, छेडतलंय मी गिटार, पण वाजतली शनाय!"

सासूबाई बांगडे साफ करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मगे शनायवाल्याकच बोलव रे!"

*

मला या पेटीचा राग का, ते सांगून टाकते. आमची मनू अडीच वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. कुडाळचे डॉक्टर म्हणाले, "कोल्हापूरला नेऊन कान तपासून घ्या." तेव्हापासून माझं जेवणात लक्ष नाही. मागून जाऊन ताट वाजवायचे. कधी ती वळे, कधी नाही. वळली तरी ऐकून वळली की माझी सावली बघून, कोण सांगणार? सासूबाई म्हणत, "बोलात गो, काळजी करू नको. तुझो घोव पण उशिराच बोललो." माझा नवरा आता गप्प बसत नाही, हे खरं!

आणि हा माणूस रोज संध्याकाळी पेटीपुढे बसून एकेक तार छेडणार आणि ओरडणार, "आयकता! आयकता!"

कोण? पेटी!

*

देवगडचं लग्न. पेटीला बारीक तार पटकन कळते, जाड तारेचा सूर ओळखायला मात्र वेळ लागतो. हात आधी, आवाज मागून. ढोलकी पुढे निघून गेली आणि आमची सनई आपली सावकाश येतेय. पार्टीचे मालक भाऊ स्टेजवरच गरजले, "रे, तुझो सूर अजून फोंड्याचो घाट चढता काय?"

यांनी उपाय काढला, ठोक्याच्या आधीच तार छेडायची. झालं! जाड तारा वेळेवर आल्या आणि बारीक तारा वेळेआधी पोचल्या. नवरीने हार उचलला नाही, तोवर सनई वाजून मोकळी!

*

यांची जुनी सवय, सगळ्या तारा एकदम खरवडायच्या. पेटीला ते झेपत नाही. तिला एकेक तार हवी, तीही स्वच्छ, शेजारणीला धक्का न लावता. नाहीतर ती भलतेच सूर ओकते. एकदा हे असेच तल्लीन होऊन खरवडत होते आणि सासूबाई मासे विकून बाजारातून रिकामी पाटी घेऊन आल्या. दारातच थांबल्या.

"माशांच्या लिलावात सुद्धा येवढी बोंब नसता रे!"

भाऊंनी त्या दिवशी चहा अर्धाच प्यायला. हसून हसून सांडला.

*

वेंगुर्ल्याला एका जुन्या पुढाऱ्याची शोकसभा होती. यांना हळवी बासरी वाजवायची होती. आवाज बदलायचं बटण पायाजवळ. यांचा पाय लागला, आणि सिंथेसायझरने बासरी सोडून टाळ्यांचा आवाज धरला. प्रत्येक सुराला टाळ्यांचा कडकडाट! यांना वाटलं लोकच वाजवतायत. डोळे मिटून आणखी रंगात आले!

फोटोला हार घातलेला, बायका डोळ्याला पदर लावून बसलेल्या. शेवटी पुतण्या उठून म्हणाला, "आमच्या काकांक जिते आसताना कोणी येवढ्यो टाळ्यो मारूक नाय!"

*

यानंतर कीबोर्डवाला बाबल यांना सोडतो होय! खळ्यात बसून म्हणाला, "तुझ्या पेटीक उशिरा आयकाक येता रे. पण आयकाक येता, ह्या काय कमी?"

सगळे हसले. मी कप न उचलताच आत गेले.

बाबल वाईट नाही. माझ्या मागून आत आला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, "वयनी, माझ्या तोंडाक काय हाडच नाय." मी म्हटलं, "जा, चहा थंड होतो."

हे मात्र बाबलच्या बोलण्याने इरेला पेटले. पेटीची ऐकायची ताकद वाढवायचं एक चाक असतं, ते शेवटापर्यंत पिळून ठेवलं. आता शर्टाची बाही घासली तरी ट्रम्पेट! गिटार खाली ठेवताना ट्रम्पेट, उचलताना ट्रम्पेट! भाऊ म्हणाले, "पयली आयकत नाय होती, आता आयकता ता पुरे म्हणत नाय."

*

कोल्हापूरला निघायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. सगळे आत चहाला गेलेले. गिटार ओट्याला टेकवून ठेवलेली, पेटी चालूच, स्पीकर ओट्यावर. मनू खळ्यात बेड्याकडे, म्हणजे फाटकाकडे तोंड करून शिंपले मांडत होती, पाठ ओट्याकडे. मी पायरीवर तिच्या कपड्यांची पिशवी भरत होते, चित्त ठिकाणावर नव्हतं.

सासूबाईंची तांबडी कोंबडी सांडलेले पोहे टिपत टिपत गिटारीपाशी आली. शेपूट तारांना घासलं.

ट्रम्पेट!

मनूच्या हातातला शिंपला तसाच राहिला. ती अख्खी मागे वळली आणि तोंड उघडं टाकून स्पीकरकडे बघत राहिली.

हे आतून धावत आले, "पेटी बिघडली काय?" त्यांच्या मागून सासूबाई वाढवण, म्हणजे झाडू उगारून, "ह्या मेल्या कोंबडेक आज कापतंयच!"

मी पिशवी टाकून सासूबाईंचा हात धरला. "आई, तिका हाकलू नकात! वाजवूंदे तिका!"