दबक्या आवाजातला रियाज

हेमराज हंगामात हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायचा आणि लग्नसराईत नत्थूजीच्या बँडपार्टीत ट्रंपेट वाजवायचा. वरातीत सगळ्यात पुढे तोच. नवरदेवाच्या आधी हेमराजचा ट्रंपेट मांडवात पोचतो, असं लोक म्हणत. मागल्या उन्हाळ्यात गिरडहून येताना त्याची मोटारसायकल घसरली. हातपाय वाचले, पण समोरचे दोन दात गेले. डॉक्टरांनी नवे बसवून दिले. त्यांनी भाकर तुटायची. ट्रंपेट ओठांना लावला की मात्र नुसती हवा निघायची.

नत्थूजी बँडचा मालक आणि हेमराजचा लहानपणचा दोस्त. दवाखान्यात उशाशी बसून तो म्हणाला होता, "घाई नको करू बे. तुयी जागा मी कोणाले देत नाई."

तेवढ्या शब्दावर हेमराजनं खाट सोडली आणि घरातच दबक्या आवाजात रियाज धरला. भिंतीला लागून प्रभाकरराव गुरुजींचं घर, त्यांना हृदयाचा त्रास. पण खरं कारण गुरुजी नव्हतेच. आपले फाटके सूर गल्लीनं ऐकू नयेत, एवढंच त्याला वाटे. ट्रंपेटच्या तोंडात त्यानं टॉवेल कोंबला, खोलीत दोरी बांधून दोन रजया टांगल्या आणि त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिला. जोरात फुंकणं त्याला जन्मभर सोपं गेलं होतं. हळू फुंकताना ओठ थरथरत, मान घामानं भिजे. बायको सुलोचना दारात बसून ऐकायची. आवाज वाढला की हात खाली करून खूण करायची. हळूहळू एक सूर उभा राहिला, मग दुसरा. पोळ्यापर्यंत बिदाईची अख्खी धून त्याच्या ओठांवर आली.

नत्थूजी अधूनमधून चहाला यायचा. एकदा म्हणाला, "असं दाबून कितीक वाजवशीन? जिनिंग बंदच आहे अजून. तेथच्या गोडाऊनमध्ये चाल, एकडाव खुल्ला वाजव. मी मोबाईलमध्ये भरतो, गिऱ्हाइकाले ऐकवाले होते."

रिकाम्या गोडाऊनमध्ये हेमराजनं येत होतं ते सारं वाजवलं. पत्रे घुमले. नत्थूजीनं त्याला मिठी मारली तेव्हा दोघांचेही डोळे ओले होते.

तुळशीचं लग्न झालं. हेमराजनं बँडचा लाल कोट इस्त्री करून खुंटीला टांगला. बोलावणं येईना. फोन केला की नत्थूजी म्हणे, "अबे, लहान लहान पार्ट्या आहेत. मोठं लग्न आलं की सांगतो." मग एक दिवस तो कोट घेऊन गेला, सगळ्यांचे एकदम ड्रायक्लीनला देतो म्हणाला.

एका संध्याकाळी हेमराज अंगणात चहा पीत होता. गल्लीच्या तोंडाशी वरात आली आणि ट्रंपेट वाजू लागला. त्याची बशी हातातच राहिली. वरच्या सुराला जाण्याआधी बारीकशी फुसफुस येत होती. ती नव्या दातांची होती. जगात दुसऱ्या कोणाची असणं शक्य नव्हतं.

तो अनवाणीच धावला. पुढे भोंग्यांची गाडी. तिच्यामागे त्याचा कोट घालून कोणी अनोळखी माणूस ट्रंपेट तोंडाशी धरून चालला होता. गाल जरासुद्धा फुगत नव्हते. बाजूला नत्थूजी.

"नत्थ्या, हा तं मी वाजवून राह्यलो."

नत्थूजीनं नजर गाडीकडे वळवली. "तूच आहे ना! गावभर तुयाच आवाज फिरून राह्यला, तुले तं खुशी वाटाले पाह्यजे. ऐन टायमाले तुये दात दगा देतीन तं मी का करू? धंदा आहे बाप्पा."

"मंग मले वाजवाले काऊन लावलं?"

नत्थूजी वरातीसोबत पुढे निघून गेला.

घरी सुलोचना दारातच उभी होती. तिनं काही विचारलं नाही. त्या न विचारण्यानंच हेमराजला शंका आली.

"तुले मालूम होतं?"

तिनं मान खाली घातली. "कोट न्याले आले तवा सांगून गेले मले. तुमी रोज रियाज करत होते, दोन घास खात होते. कोण्या तोंडानं सांगू?"

"मले येडा बनू देलं तू."

"तुमी पुन्हा खाटेवर पडले असते, वो."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. तरी नत्थूजीच्या बोलण्यापेक्षा तेच खोल लागलं. गोडाऊनमध्ये त्यानं एकट्या दोस्तावर विश्वास टाकला होता. या खोलीत तो रोज हिच्यासमोर बेसूर झाला होता.

माघ महिन्यापासून तो सिंदीच्या एका बँडपार्टीत वाजवायला जाऊ लागला. तिथं तो पुढे नसतो, तिसऱ्या ओळीत असतो. रियाज अजून घरातच चालतो. फक्त सुरू करण्याआधी तो आतून कडी लावतो. कोणाचं लग्न, कधी परतणार, हे घरात सांगत नाही आणि सुलोचनाही विचारत नाही. ती ताट झाकून ठेवते. तो आल्यावर जेवतो.