आवक क्रमांक दोनशे तेरा

संगमनेरचे रंगनाथ गुंजाळ एका दूध संघात तीस वर्षं आवक-जावक कारकून होते. गळ्याला सूर नाही, हाताला ताल नाही. आरतीत टाळी वाजवली तर शेजारचा चुकायचा. पण रेडिओवर कुणा गवयाचं, सतारियाचं नाव ऐकलं की यांचं जोडकार्ड निघालंच. उत्तराच्या कार्डावर स्वतःचा पत्ता आधीच लिहिलेला. समोरच्यानं फक्त दोन ओळी खरडून सही ठोकायची. अशी दोनशे बारा पत्रं जमली. शिवाय कुणाच्या सारंगीची तुटकी तार, कुणाच्या तंबोऱ्याची खुंटी.

आता शहात्तर उलटली. गुडघे कुरकुरतात, हे सगळं ठेवलेली पत्र्याची पेटी एकट्यानं उचलत नाही. पुण्याचा मुलगा म्हणतो, "फोटो काढून पाठवा, पेटी नको." उरली एकच इच्छा. डोळे मिटायच्या आत हा ठेवा कॉलेजच्या संगीत विभागात लागावा. म्हणून तिथल्या स्नेहल मॅडम आज घरी आल्या होत्या.

त्यांनी फाईल उघडली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं.

"काका, सही कुठंय?"

"शिक्क्याखाली."

"आणि ह्यांची?"

"तीही. घरच्या टपालासाठी खास बनवून घेतला होता, मॅडम. शिक्का सहीवर अर्धा तरी चढायलाच हवा, त्याशिवाय कागद पक्का होत नाही."

अर्धा म्हणता म्हणता तो सगळीकडे पुरा चढला होता. दोनशे बारा थोर सह्यांवर जांभळं, गोल, ठसठशीत 'आवक'. खाली रंगनाथरावांची स्वतःची सही मात्र स्वच्छ वाचता येत होती.

चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी मालनबाईंना राहवेना. "मी म्हनत हुते, त्या गानाऱ्या बाईच्या पत्रावर तरी मारू नका. तर म्हनं, तुला हाफिसातलं काय कळतंय!"

स्नेहल मॅडम ओशाळल्या. "काका, सह्या दिसत नाहीत तर मांडणार काय? तार-खुंटी घेतली असती, पण ती कुणाची, याचा पुरावाही ह्याच पत्रांत."

रंगनाथराव भांडले नाहीत. हयातभर त्यांनीच लोकांचे अर्ज 'अपूर्ण' म्हणून परत केले होते.

"तसं लेखी द्या," एवढंच म्हणाले.

मॅडमनी लिहून दिलं, 'संग्रह स्वीकारता येत नाही, क्षमस्व.' खाली सही केली आणि चहा अर्धा टाकून गेल्या.

रंगनाथरावांनी कागदावर क्रमांक घातला, तारीख घातली. शिक्का उचलला, थबकले, आणि सहीपासून चार बोटं लांब, कोपऱ्यात अलगद टेकवला.

"हे श्यानपन चाळीस वर्सं आधी कुठं हुतं?" मालनबाई म्हणाल्या.

"तेव्हा हातात जोर होता गं." त्यांनी फाईल मिटली. "ये, पेटीला जरा हात लाव."