पत्र्याने झेललेली धडक

आज हेब्बाळच्या सिग्नलला शेजारच्या गाडीच्या बॉनेटमधून वाफ निघत होती. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा तो गरम, गोडसर वास आला आणि मला आमचा अपघात आठवला.

मी तेव्हा अकरावीत होते. येलहंकाच्या रस्त्यावर पुढचा टेम्पो अचानक थांबला आणि बाबा चालवत असलेली आमची गाडी त्याच्यात घुसली. दोन्ही वाहनं एकमेकांत अडकून थोडी पुढे सरकली आणि थांबली. माझ्या शेजारी धाकटी बहीण मीनू डोळे मिटून पडली होती. पुढच्या सीटवरून वळून आई तिला हलवत होती, "मीनू, अगं बोल ना!" मीनू बोलेना. टेम्पोवाला काचेवर थापा मारत "अक्का, अक्का" करत होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग मीनू खोकली आणि रडायला लागली.

खाली उतरल्यावर असाच गोडसर वास येत होता. बाबा सरकारी कारखान्यात इंजिनिअर. त्यांनी मला चुरगळलेल्या बॉनेटपाशी नेलं.

"हे बघ, दोन्ही गाड्या चिकटून एकाच वेगाने सरकल्या. आपली बरीचशी गतिज ऊर्जा हा पत्रा वाकवण्यात गेली. नाहीतर ती आपल्या अंगावर आली असती."

तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता. पोरगी मरता मरता वाचली आणि हे फिजिक्स शिकवतायत! आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाची झाले आहे. आणि आता आठवतं, बोलताना त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की त्यांच्या बोटांचे वळ पुढे दोन दिवस दिसत होते.