बंद गाडीचा पंखा

माझ्या थोरल्या भावाला सगळा बाजार फ्यूजमास्तर म्हणतो. नाव त्याला आवडत नाही. "उडतो तो फ्यूज. मी काय उठसूट उडतो?" असं तो विचारायचा, आणि विचारता विचारताच उडायचा. गिऱ्हाईक गाडी लावून "मास्तर, हा पार्ट बदलून टाका" म्हणालं की संपलंच. "आधी कारण सापडू दे, मग बदलायचं काय ते बघू." कारण सापडेपर्यंत गाडी दारातून हलायची नाही, गिऱ्हाइकाने दुकान डोक्यावर घेतलं तरी. गाड्यांच्या वायरिंगचं काम मी त्याच्याच हाताखाली शिकलो. शिकलो म्हणजे बोलणी खाल्ली, आणि त्यातून जे उरलं ते शिक्षण.

आता दुकान मी चालवतो, कारण दादाच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा त्याला डायलिसिसला न्यावं लागतं. एखादी खेप चुकली तर माणूस निभावून नेतो, सारख्या चुकल्या तर अंगात पाणी साठतं आणि मग काही हातात राहत नाही. डॉक्टरांनी हे इतक्या सरळ सांगितलं की वहिनीने शेजारच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

त्याला नेण्यासाठी त्याचीच जुनी गाडी होती. ती त्याच्या घराच्या भिंतीला लागून उभी असायची. मी दुकानावरच्या खोलीत राहतो. सकाळी जायचं, त्याला बसवायचं आणि हॉस्पिटल गाठायचं असा शिरस्ता. आणि नेमकी तीच गाडी बिघडली.

इंजिन बंद केल्यावर रेडिएटरचा पंखा थोडा वेळ फिरत राहतो, त्यात वावगं काही नाही. पाणी गार झालं की रेडिएटरच्या तळाशी बसवलेला स्विच त्याला थांबवतो. आमचा थांबायचं नावच घेत नव्हता. चावी माझ्या खिशात, आणि दादा सांगायचा, पंखा रात्रभर आपला घुंघुं चालूच. सकाळपर्यंत बॅटरी खाऊन मोकळा. चावी फिरवली की नुसतं टक्, पुढे काही नाही.

दादाने पलंगावरून हुकूम सोडायला सुरुवात केली. "रिले बघ. आतले पॉइंट चिकटले असतील." पंख्याची वीज चालू-बंद करणारी ती डबी. पॉइंट चिकटले नव्हते, तरी बदलली. "मग खालचा स्विच." तोही बदलला. "पाणी कमी असेल, नाहीतर हवा अडकली असेल." पाणी भरलं, हवा काढली. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की उघडणारी झडप, सोडवून वहिनीच्या चहाच्या पातेल्यात उकळून पाहिला, त्याबद्दल वेगळी बोलणी खाल्ली. दुकानात गाडी गुणी बाळासारखी वागायची. एकदा तर रात्रभर तिथेच ठेवली, काही नाही. घरी परत नेली की पुन्हा बॅटरी आडवी.

"रात्री बॅटरीची एक वायर काढून ठेवू," मी म्हणालो. "पंखा फिरणारच नाही."

"आणि कारण?" दादाने डोळे वटारले. "मी शिकवलं ते सगळं धुऊन प्यायलास वाटतं. माझ्या गाडीला असली ठिगळं नकोत."

मी वायर जागेवरच ठेवली. एवढा मोठा झालो, तरी त्याच्यापुढे माझी जीभ टाळूला चिकटते.

मग डायलिसिसच्या सकाळी वहिनीचा दबक्या आवाजात फोन यायचा. "भावजी, पंखा रात्रभर फिरत होता, गाडी चालू व्हायची नाही. दुसरी बघा ना कुठली. बघा ना काहीतरी." की मी धावत सुटायचो. कधी दूधवाल्याचा टेम्पो, कधी शेजाऱ्याची गाडी, एकदा तर रंगाऱ्याची व्हॅन, मागे डबे खडखडताहेत आणि पुढे दादा डोळे मिटून बसलाय. मी दारात उभा राहिलो की तो माझ्याकडे असा बघायचा, की मला वाटायचं, बिचाऱ्याला माझ्या नालायकीची लाज वाटतेय. मला स्वतःलाच वाटत होती. रडकुंडीला आलो होतो मी. जगातल्या सगळ्या गाड्यांचे पंखे मला थांबवता येत होते आणि भावाच्या गाडीचा येत नव्हता.

त्या सकाळी मात्र फोनची वाट बघवेना. उजाडताच चार्ज केलेली बॅटरी उचलून निघालो. गाडीपाशी पोचलो तर पंखा अजून फिरत होता, पण मरतुकडा, शेवटचे वळसे घेत. मी पहिल्यांदाच त्याला रंगेहाथ पकडत होतो. बॉनेटला हात लावला, गार. तसाच जमिनीवर पालथा पडलो आणि बंपरच्या खाली हात घातला.

स्विचचा प्लग काढलेला होता. प्लगच्या दोन टोकांत तारेचा एक तुकडा खोचलेला होता, म्हणजे स्विच असून नसल्यासारखा आणि पंखा कायमचा चालू. तारेची टोकं दुमडून दुहेरी केलेली. वर चिकटपट्टी, आणि पट्टीचं शेवटचं टोक आत मुडपलेलं, काढताना नखाला सापडावं म्हणून. असं काम करणारा माणूस मला एकच माहीत होता. पट्टी मुडपली नाही म्हणून त्याने माझ्या पाठीत किती धपाटे घातले असतील, त्याचा हिशेब नाही.

डोकं सणकलं. तार मुठीत धरून आत गेलो. दादा पलंगावर टेकून बसला होता, वहिनी दाराशी फोन हातात घेऊन उभी. मला बघून ती दचकली. मी तार त्याच्या पुढ्यात टाकली.

"सापडलं कारण," मी म्हणालो.

दादाने तारेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उडाला नाही. उडाला असता तर बरं झालं असतं.

"कंटाळलो रे," तो म्हणाला. "ती मशीन, त्या सुया, परत येऊन दिवसभर ओकत पडायचं. जरा सावरतोय तोवर पुन्हा तीच सकाळ. मला नाही जायचं."

"मग तोंडाने सांगायचं! मला कशाला वेड्यासारखं पार्ट बदलायला लावलंस?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नाही."

"मग?"

मला त्याचा गळा धरावासा वाटला आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवून रडावंसंही वाटलं. दोन्हीपैकी काहीच केलं नाही. कारण तेवढ्यात डोक्यात आलं, की हा खाली बसला तर उठवायला दुसरं माणूस लागतं. सुया टोचून टोचून एक हात तर कामातूनच गेलाय. अंधारात, बंपरखाली, हा एकटा हे कसं करील?

मी वहिनीकडे पाहिलं.

"मी टॉर्च धरत होते," ती म्हणाली. "उठवतही मीच होते. सकाळी तार काढून प्लग परत लावायचा, तेही यांनी शिकवलं मला. आज तेवढ्यात तुम्ही आलात."

"वहिनी, तुम्ही?"

"आयुष्यात यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नाही, भावजी. पहिल्यांदा मागितलं ते हे. कसं नाही म्हणू?"

"मग मला फोन कशाला करत होता? दुसरी गाडी आणा, दुसरी गाडी आणा म्हणून जीव का काढत होता माझा?"

दादा एकदम ताठ झाला. "कुठला फोन? हा तर आपणहून यायचा."

वहिनीने पदराने तोंड दाबलं, पण हुंदका फुटलाच. "मीच करत होते. मोरीत जाऊन, नळ सोडून. रात्री तुमचं ऐकत होते, सकाळी राहवत नव्हतं. तुम्ही जाल म्हणून भीती वाटायची हो. मला नाही राहायचं तुमच्याशिवाय."

दादा तिच्याकडे बघत होता. मास्तरांना इतका वेळ गप्प मी कधी पाहिलं नव्हतं.

"रात्री टॉर्च धरायची," तो शेवटी म्हणाला, "आणि सकाळी हे. झोपायचीस कधी ग तू?"

तिने हातातला फोन पलंगावर ठेवला.

त्याने चांगला हात पुढे केला. "उठव. आज जातो. पुढच्या खेपेचं मात्र मी बोलत नाही."

वहिनीने डोळे पुसले, त्याच्या काखेत हात घातला आणि त्याला उभं केलं. पुढच्या खेपेचं तिने विचारलं नाही.