केळकरसरांची गाडी आमच्या गाड्यांत आहे

केळकरसरांशी माझी ओळख एका शिवीमुळे झाली. बँकेनं मला बदलीवर लखनौला पाठवलं होतं आणि मी हौसेनं घेतलेली जुनी अँबॅसिडर निशातगंजच्या भर बाजारात धूर ओकत बंद पडली होती. इकडं मराठी कोणाला कळतंय, म्हणून बॉनेट उघडून मी तिला अस्सल सांगलीकडची शिवी हासडली. मागून मराठीतच शांत आवाज आला, तिला बोलून उपयोग नाही, तिचे व्हॉल्व्ह जळलेत. हातात सब्जीची पिशवी घेऊन सर उभे होते. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

सर औषध संशोधनातले मोठे शास्त्रज्ञ. त्या कामाबद्दल या गौरवग्रंथात जाणकारांनी लिहिलेलं आहेच, त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. मला सर भेटले ते जानकीपुरमच्या त्यांच्या गॅरेजात, ग्रीसचे डाग पडलेल्या लेंग्यात. तिथं त्यांचीही अँबॅसिडर होती. दर जूनमध्ये त्या गाडीतून सर आणि काकू मलिहाबादला दशहरी आंबे आणायला जात. काकू गेल्या, त्याच वर्षी सरांनी इंजिन उघडलं, ते अजून उघडंच आहे. विचारलं की म्हणायचे, नीट जुळवून बांधायचंय, घाई कशाला?

जुळवणं हा सरांचा धर्मच. दिसायला जुळे भाऊ वाटणारे पिस्टनसुद्धा ते काट्यावर तोलत आणि जो जड भरेल तो आतून घासून बाकीच्यांच्या वजनाला आणत. माझ्यासाठी तर त्यांनी स्वतःच्या इंजिनाचे आठही व्हॉल्व्ह काढून दिले. पण आयतं काही मिळू दिलं नाही हं! पेस्ट लावून प्रत्येक व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीवर हातानं घासायचा, दोन्ही एकमेकांवर घट्ट बसेपर्यंत. दोन रविवार माझे पंजे भरून आले. सर स्टुलावर बसून चुका काढत होते आणि मधूनमधून चहा पाजत होते.

असेच त्यांचे पिस्टन गावातल्या एका अँबॅसिडरवाल्याकडे गेले, कार्ब्युरेटर दुसऱ्याकडे. आमच्या गाड्या धावू लागल्या. आता बरी झालेली गाडी घेऊन गॅरेजकडे कोण फिरकतं? सरांचा मुलगा बंगळुरूला. नातवाला मराठी कळतं, पण तो फोनवर हिंदीत दोन वाक्यं बोलतो आणि फोन आईकडे देऊन पळतो. एकदा मी न कळवता गेलो, तर सर त्या उघड्या इंजिनाशी मराठीत बोलत होते. मला पाहून ते ओशाळले नाहीत, वाक्य पुरं करूनच वळले.

म्हणून पंचाहत्तरीला आम्ही ठरवलं, ज्याचं त्याला परत करायचं. आपापल्या गाड्या उघडून आम्ही भाग काढले, धुतले आणि ताटात मांडून सरांपुढं ठेवले. सरांनी एक व्हॉल्व्ह उचलून उजेडात फिरवला आणि म्हणाले, हे आता तुमच्या इंजिनाला सरावलेत, माझ्यात बसायचे नाहीत. मी कसला ऐकतोय! पुन्हा घासले की बसतात, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. तसं मी म्हटलंही. सरांनी व्हॉल्व्ह परत ताटात ठेवला.

"गाडी सुरू झाली, की जूनमध्ये मलिहाबादला जावंसं वाटणार," ते म्हणाले. "शेजारची सीट रिकामी ठेवून तो रस्ता मला जमायचा नाही हो."

आम्ही ताट उचललं. ते व्हॉल्व्ह पुढच्या रविवारी सरांनीच माझ्या इंजिनात परत बसवून दिले.

सरांना शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य लाभो, असं या ग्रंथात सगळेच म्हणतील. मीही मनापासून म्हणतो. पण सर, येत्या जूनमध्ये मी माझी गाडी घेऊन तुमच्या दारात येणार आहे. चालवायची तुम्ही. शेजारची सीट रिकामी असली, तरी गाडीत तुम्ही एकटे नसाल, मी मागं बसेन. लोकांना वाटेल, साहेब ऐटीत मागं बसलेत आणि म्हाताऱ्या ड्रायव्हरला राबवताहेत. वाटू दे. काकूंच्या जागेवर मी बसणार नाही.