दत्ताभाऊंचं त्यांच्याच घरात कुणी ऐकलं नाही

सणसरहून फोन आला, "दत्ताभाऊ गेलं. अटॅक आला." मी पिंपळीच्या मळ्यात गवार तोडत होते, ती तशीच बांधावर बसले. अटॅक? ज्या माणसाला जन्मापासून हिमोफिलिया, रक्त लवकर गोठत नाही म्हणून गुडघे सुजून सुजून वाकडे झालेले, तो अटॅकनं गेला म्हणे! तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आमची ओळख माझ्या ओंकारमुळं. तो रांगायला लागला तसे अंगावर काळेनिळे डाग उठायला लागले आणि मीच पोराला मारते, अशी सासरी कुजबुज सुरू झाली. बारामतीच्या दवाखान्यात आजाराचं नाव कळलं, त्या दिवशी मी जिन्यात बसून रडत होते. काठी टेकत एक अनोळखी माणूस आला न् शेजारी बसला. "रडून घ्या वैनी. मग सांगतो, मी अजून कसा जिता हाय ते." बारामती-इंदापूर पट्ट्यातली अशी घरं भाऊ हुडकून काढायचे आणि महिन्यातून एकदा सगळ्यांना सांगवीच्या समाजमंदिरात जमवायचे. सूज आली की बर्फ लावा, चोळू नका, कमरेत इंजेक्शन घेऊ नका, आणि कुठल्याही दवाखान्यात गेलात की आधी आजार सांगा, मग बाकीचं. एका आजोबांनी नातवाचा सुजलेला गुडघा तेलानं रगडला होता, तर भाऊ भर बैठकीत कडाडले, "आबा, मायेनं मारशीला पोराला!" आम्ही सगळे हसलो होतो…

आजार लपवणाऱ्यांचा भाऊंना भारी राग. आणि लपवणारा निघाला कोण, तर त्यांचा सख्खा थोरला भाऊ, तात्या. त्याच्या कोमलचं लग्न जमत होतं. भाऊंनी त्याला कितीदा समजावलं, "तात्या, ह्यो आजार आईकडनं येतो. तुलाच न्हाय, तर तुझ्या पोरीत कुठनं येईल?" तात्या मान डोलवायचा. सुपारीच्या दिवशी अंगणात भाऊंचा पाय घसरला, डोकं पायरीवर आपटलं. उलट्या झाल्या, मग शुद्धच गेली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आधीचा काही आजार?" होणारे व्याही शेजारीच उभे. तात्या म्हणाला, "न्हाय साहेब, तसलं कायबी न्हाय." डोक्यात रक्त साचत गेलं आणि ते थांबत का नाही, हे डॉक्टरांना कळेना. अटॅक हे नुसतं बाहेर सांगायला; खरं काय ते मला दहाव्याला तात्याच्या बायकोनं सांगितलं, तोंडात पदर धरून. जो आजार त्या पोरीत येऊच शकत नव्हता, तो लपवायला यांनी माणूस घालवला! लग्न मात्र ठरल्याप्रमाणं होणार आहे.

निघताना तात्यानं मला मागच्या दारानं स्वयंपाकघरात बोलावलं आणि फ्रिज उघडला. दुधाच्या पातेल्यामागं भाऊंच्या इंजेक्शनची खोकी होती, रक्त गोठवणारी. ऐन वेळेला लागली तर असावीत, म्हणून ते घरात ठेवायचे. तात्या हळूच म्हणाला, "तुमच्या ओंकारला चालत्याल न्हवं? घिऊन जावा, वैनी. पाव्हण्यांच्या नजरंला नकोत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तात्या, ही त्या दिवशी दवाखान्यात नेली असती तर…"

त्यानं खोकी काढून माझ्यापुढं ठेवली. ती खोकी त्याच्या तोंडावर फेकून मारावीत असं वाटलं. पण ओंकारला तेच औषध लागतं आणि ते वेळेवर मिळत नाही. मी बर्फ मागून घेतला, पिशवी गच्च बांधली आणि एसटीत मांडीवर धरून बसले.

परवा ओंकारचं कोपर सुजलं. त्यातलंच एक दिलं. सूज उतरली. औषध चांगलं होतं.