पाच घरचं कापड

कुंभार पिंपळगावच्या त्या गल्लीत बाळाची गोधडी पाच घरच्या कापडाची असते. कुठलंही घर चालत नाही. जिचं एकही लेकरू गेलं नाही, तिच्याच घरचं जुनं कापड घ्यायचं. आणि बाळ जन्मून रडल्याशिवाय सुई घालायची नाही.

बायनाबाईनं सुई आधी घातली. तिची लेक रेणुका. दोनदा पोट पडलेलं. या वेळी सातवा लागला तशी माहेरी आली. कापूस वेचणी तोंडावर होती आणि एकदा वेचणी लागली की बाईमाणूस घरात सापडत नाही. "आत्ताच बसू," बायनाबाई म्हणाली. गोधडी शिवणाऱ्या नेहमीच्या बायका तिच्या ओट्यावर बसल्या. खाली लुगड्याचं अस्तर, वर पाच घरचे तुकडे. टाके काठाकडून मध्याकडं सरकत गेले. मधला हातभर भाग राहिला आणि रेणुकाला कळा सुटल्या.

पोरगा झाला. इवलासा. जालन्याच्या दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. तिथं एकालाच थांबू देत होते. जावई सुग्रीव थांबला. बायनाबाई घरी आली आणि सकाळीच तिनं बायकांना बोलावलं. गोधडी पसरली. वर ब्लेडं ठेवली.

"उसवा."

"मधलंच तर राह्यलंय काकू," बेबीनंदा म्हणाली. ती त्यांच्यात सगळ्यात तरणी. "शिवून टाकू की जल्दी."

"उसवा म्हणते ना."

"उसवल्यानं घातलेली सुई माघारी येती का, बायना?" म्हातारी चतुराबाई म्हणाली.

"मंग काय करू? तू सांग."

चतुराबाईनं ब्लेड उचललं.

टाके तांदळाएवढे होते. चांगले घातले होते म्हणून निघत नव्हते.

"चतुराकाकूचे टाके बरे," बेबीनंदा म्हणाली. "बेडकाच्या उडीवाणी. एक सोडून एक."

"तुझ्या सासूला शिकवलेत मीच ते."

दोघी-तिघी हसल्या. बायनाबाई हसली नाही. ती एकेक दोरा ओढत होती आणि तोंडातल्या तोंडात म्हणत होती, "माघारी घेते. माघारी घेते."

दुपारपर्यंत कापड सुटं झालं. जिनं तिनं आपापलं ओळखून मांडीवर घेतलं. पाचही घरचं गेलं. अस्तराच्या मधोमध एक तुकडा तसाच उरला. हिरवा. इतर तुकड्यांच्या खाली दडवलेला.

"ह्यो कोणाचा वो?" बेबीनंदानं विचारलं.

चतुराबाईनं ओळखला. रेणुकाच्या आधी बायनाबाईला मुलगा झाला होता. रांगायच्या आधीच गेला. हे लुगडं त्या बाळंतपणातलं.

"आजीचं कायतरी असावं म्हणलं त्याच्या अंगाला," बायनाबाई म्हणाली. "आतून लावलं. दिसलं नसतं कोणाला."

ब्लेडं खाली ठेवली गेली.

तेवढ्यात सुग्रीवचा फोन आला. "मामी, सिस्टर जुनं मऊ कापड मागून राह्यल्या. नवं टोचतंय म्हणे त्याला. घरी हाय का काही?"

बायकांनी मांडीवरचं कापड परत बायनाबाईपुढं ठेवलं. उकळत्या पाण्यातून काढलं, पत्र्यावर वाळवलं. दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो, म्हणून बेबीनंदा अडकलेले दोरे चिमटीनं वेचत बसली. हिरव्या तुकड्याला कोणी हात लावला नाही. शेवटी चतुराबाईनंच तो धुतला, घडी केली आणि पिशवीत टाकला.

"ने. कापडाला काय कळतंय."

हे तिच्या तोंडून कोणी कधी ऐकलं नव्हतं.

बायनाबाई दवाखान्यात पोचली तेव्हा सिस्टरनं दार अर्धंच उघडलं.

"कसं हाय वो लेकरू?"

"आजची रात्र जाऊ द्या, मावशी." तिनं एकेक तुकडा गालाला लावून पाहिला. "छान आहेत. अजून एखादा असेल तर द्या. रात्री लागेल."

बायनाबाईचा हात पिशवीत होता. हिरवा तुकडा मुठीत आला होता. सगळ्यात मऊ तोच होता.

"न्हाई," ती म्हणाली.

दार लागलं.